तळघरातले उमेदवार

छपाईचं काम रीतसर शिकावं म्हणून लेनर्ड आणि व्हर्जिनिया वुल्फ हे जोडपं लंडनच्या सेंट ब्राइड मुद्रणशाळेत चौकशीला गेलं आणि हात हलवत परत आलं. तिथं प्रवेश मिळायचा तो कामगार संघटनेनं मान्य केलेल्या उमेदवार मुलांना, आणि तोही मोजक्याच. पस्तिशी ओलांडलेल्या सुशिक्षित माणसांना खिळे जुळवायला शिकवण्याची सोय कुठंच नव्हती. मग मार्च १९१७ मध्ये फॅरिंग्डन रोडवरच्या एका दुकानात त्यांना छोटं हातयंत्र दिसलं. खिळे आणि इतर सामानासकट किंमत १९ पौंड ५ शिलिंग ५ पेन्स. सोबत सोळा पानांची एक माहितीपुस्तिका मिळाली, तेवढंच त्यांचं शिक्षण. रिचमंडमधल्या आपल्या हॉगर्थ हाऊसच्या जेवणाच्या खोलीत त्यांनी यंत्र मांडलं आणि घराचंच नाव छापखान्याला दिलं.

शाळेनं नाकारलेल्या या दोघांच्या हाताखाली पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत एकामागून एक तरुण उमेदवारीला आले. टी. एस. एलियटच्या कविता, होप मरलीसची ‘पॅरिस’ ही दीर्घ कविता, आणि १९२३ मध्ये एलियटचीच ‘द वेस्ट लँड’ ही हॉगर्थ प्रेसची कामगिरी इंग्रजी कवितेच्या इतिहासात ठळकपणे नोंदलेली आहे. या पोरांची हकीकत मात्र त्याच इतिहासाच्या तळघरात राहिली. ती सांगायला हवी, कारण कवितेचं छोटं प्रकाशन कसं चालतं हे तिच्यात जास्त स्पष्ट दिसतं.

पहिली आली अ‍ॅलिक्स सार्जंट-फ्लॉरेन्स, ऑक्टोबर १९१७ मध्ये. वुल्फ पतिपत्नीनं तिला खिळे जुळवण्याची रीत दाखवली आणि ती दोघं फिरायला निघून गेली. परत येतात तर अ‍ॅलिक्सनं निर्णय घेऊन टाकलेला: या कामात काही अर्थ नाही, उद्यापासून मी येणार नाही. पुढं हीच अ‍ॅलिक्स (लग्नानंतरची स्ट्रेची) फ्रॉइडच्या लेखनाची नामवंत अनुवादक झाली आणि ते अनुवाद हॉगर्थ प्रेसनंच प्रसिद्ध केले.

तिच्या जागी स्लेड कलाशाळेत शिकलेली बार्बरा हाइल्स आली. कॅथरीन मॅन्सफील्डच्या ‘प्रेल्यूड’चं काम तेव्हा सुरू होतं. अडुसष्ट पानं, सुमारे तीनशे प्रती. हे काम हातानं करायचं म्हणजे काय, याचा अंदाज ज्यांनी खिळ्यांचा छापखाना पाहिलाय त्यांनाच येईल. एकेक अक्षर खणातून उचलून उलटं लावायचं, ओळ बांधायची, पान छापून झालं की तीच अक्षरं पुसून आपापल्या खणात परत टाकायची, आणि त्याच खिळ्यांतून पुढचं पान उभं करायचं. लेनर्डच्या हाताला जन्मजात कंप होता, त्यामुळे जुळणी त्याला जमत नसे. तो यंत्र चालवायचा. जुळणीचा भार व्हर्जिनियावर आणि उमेदवारांवर. सुरुवातीला खुद्द व्हर्जिनियानंच ‘एच’ आणि ‘एन’चे खिळे एकमेकांत मिसळून टाकले होते, तेव्हा शिकवणारा आणि शिकणारा यांच्यात फार अंतर नव्हतं.

ऑक्सफर्डचा राल्फ पार्ट्रिज १९२० मध्ये आला. वर्षाला शंभर पौंड आणि निव्वळ नफ्यातला निम्मा वाटा, असा करार होता. वाटा मोठा दिसतो, पण हॉगर्थनं काढलेल्या एलियटच्या पहिल्या पुस्तिकेच्या प्रती अडीचशेच्याही आत होत्या आणि किंमत अडीच शिलिंग. असल्या पुस्तकांतून वाटण्याजोगं किती उरणार! १९२१ मध्ये पायानं चालवायचं मिनर्व्हा यंत्र आलं आणि कामाचा पसारा वाढला. काम पडेल तितकं आणि अधिकार मात्र लेनर्डच्या मर्जीइतका, यावरून खटके उडू लागले. १९२३ मध्ये पार्ट्रिज बाहेर पडला.

१९२४ मध्ये छापखाना ५२, टॅव्हिस्टॉक स्क्वेअरच्या तळघरात हलला. मागच्या बाजूच्या कोठाराच्या खोलीत, पुस्तकांच्या गठ्ठ्यांमध्ये बसून व्हर्जिनिया कादंबऱ्या लिहायची. पुस्तकं न्यायला येणाऱ्या उमेदवाराला तिच्या टेबलाजवळून जावं लागे. केंब्रिजहून आलेला जॉर्ज रायलँड्स काही महिन्यांतच परतला. त्यानंतरचा अँगस डेव्हिडसन तीनेक वर्षं टिकला.

याच दशकात लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात तत्त्वज्ञानाचं संशोधन करणारा एक भारतीय विद्यार्थी हॉगर्थ प्रेसमध्ये मुद्रितं तपासायला जात असे. ते मुल्कराज आनंद. त्यांची ‘अनटचेबल’ ही कादंबरी अजून लिहून व्हायची होती. त्या दिवसांच्या आठवणी त्यांनी १९८१ मध्ये ‘कॉन्व्हर्सेशन्स इन ब्लूम्सबरी’ या पुस्तकात सांगितल्या. साम्राज्याच्या राजधानीतल्या या बुद्धिमंतांबद्दल ओढ आणि त्यांच्या भारताविषयीच्या अज्ञानाबद्दल चीड, दोन्ही त्यांत आहेत. हेच आनंद पुढं मुंबईत स्थायिक झाले आणि १९४६ मध्ये त्यांनी ‘मार्ग’ हे कलाविषयक नियतकालिक सुरू केलं.

उमेदवारीचं सगळ्यात जिवंत चित्र उभं केलं ते मात्र रिचर्ड केनेडीनं. शाळेत न चमकलेला हा मुलगा १९२८ मध्ये वास्तुशिल्पी काकाच्या ओळखीनं इथं आला. त्याच्या वाट्याला पार्सलं बांधणं, सुतळी, हिशेबाच्या वह्या आणि पडेल ती कामं. व्हर्जिनियाचं ‘ऑरलँडो’ त्याच वर्षी निघालं आणि खपाला लागलं. त्यानं ठोकलेली फळी कोसळली. व्हर्जिनियाच्या कादंबऱ्यांच्या एकसारख्या आवृत्तीसाठी त्यानं कागद मागवला तो चुकीच्या मापाचा. इतका मूर्ख मुलगा आपण पाहिला नाही, असं लेनर्ड त्याला सुनावून मोकळा झाला. केनेडीनं यातलं काहीही लपवलेलं नाही. व्हर्जिनियाच्या हातानं वळलेल्या सिगारेटी आणि लेनर्डची पै-पैची काळजी हेही त्यानं तितक्याच मायेनं टिपलंय.

त्या काटकसरीवर हसणं सोपं आहे. पण ती नसती तर कवितेची पुस्तकं निघालीच नसती, हेही खरं. दोष काटकसरीत नव्हता. आलेला तरुण विद्यार्थी आहे, नोकर आहे की भागीदार, हे लेनर्डनं कधी ठरवलंच नाही. शिकवताना तो विद्यार्थी असे, पार्सलं बांधताना नोकर, आणि चूक झाली की भागीदाराइतका जबाबदार. बहुतेक जण या गोंधळालाच कंटाळून गेले.

जानेवारी १९३१ मध्ये आलेल्या जॉन लेमनच्या बाबतीत हे उघड झालं. केंब्रिजहून नुकताच बाहेर पडलेला, स्वतः कवी. त्याचा पहिला संग्रह त्याच वर्षी हॉगर्थनं काढला. व्यवस्थापनाचं शिक्षण घेता घेता तो आपल्या पिढीच्या कवींना आत घेऊन आला. १९३२ च्या ‘न्यू सिग्नेचर्स’ या संकलनात ऑडन, स्पेंडर, डे लुईस, एम्पसन एकत्र आले, आणि तीसच्या दशकातल्या इंग्रजी कवितेची ओळख त्या पुस्तकानं घडवली. उमेदवार मालकाला काय देऊ शकतो, याचं याहून चांगलं उदाहरण सापडणं कठीण. तरीही त्याच वर्षी तो निघून गेला. परतला १९३८ मध्ये, व्हर्जिनियाचा हिस्सा तीन हजार पौंडांना विकत घेऊन. आता तो भागीदार होता, म्हणून आठ वर्षं टिकला. १९४६ मध्ये मतभेद विकोपाला गेले, प्रेस चॅटो अँड विंडसकडे गेली, आणि लेमननं स्वतःची प्रकाशनसंस्था काढली.

केनेडी मुलांच्या पुस्तकांचा चित्रकार झाला. ‘अ बॉय अ‍ॅट द हॉगर्थ प्रेस’ हे त्याचं सचित्र पुस्तक १९७२ मध्ये आलं. ग्लॉस्टरशरमधल्या व्हिटिंग्टन गावात एका तरुण जोडप्यानं नुकताच खिळ्यांचा छापखाना घातला होता. त्यांनी छापलेलं पहिलं पुस्तक तेच.