फादर बुल्के यांची हिंदी

परदेशी धर्मोपदेशक आणि भारतीय भाषा हा विषय निघाला की मराठी वाचकाला फादर स्टीफन्स आणि त्यांचे १६१६ साली छापले गेलेले ‘क्रिस्तपुराण’ आठवते. स्टीफन्स यांनी ओवीचा आणि पुराणाचा घाट उचलला तो ख्रिस्ताची कथा सांगण्यासाठी. त्यानंतर सुमारे सव्वातीनशे वर्षांनी त्यांच्याच जेझुइट संघातले कामिल बुल्के उलट दिशेने निघाले आणि त्यांनी आपली उमेदीची वर्षे रामकथा समजून घेण्यात घालवली. हिंदी त्यांच्यापुरती केवळ उपदेशाचे साधन का राहिली नाही, याचे उत्तर त्यांच्या जन्मभूमीत सापडते.

बुल्के यांचा जन्म १९०९ साली बेल्जियममधील फ्लांडर्सचा. घरची भाषा फ्लेमिश. पण उच्च शिक्षण आणि प्रतिष्ठित समाज यांवर वर्चस्व फ्रेंचचे. गेंट विद्यापीठात संपूर्ण शिक्षण लोकभाषेतून सुरू व्हायला १९३० साल उजाडावे लागले. लूव्हेन येथे अभियांत्रिकी शिकत असताना बुल्के या भाषिक चळवळीत ओढले गेले होते. म्हणूनच १९३५ साली भारतात आल्यावर, सुशिक्षितांनी स्वभाषेविषयी संकोच बाळगावा आणि इंग्रजी मिरवावी, हे दृश्य त्यांना परके वाटले नाही. केवळ वरचढ भाषेचे नाव तेवढे बदलले होते.

हजारीबागजवळ सीतागढा येथे त्यांनी एका पंडितांकडे हिंदी आणि संस्कृतचे धडे घेतले. पुढे अलाहाबाद विद्यापीठात रामकथेच्या उगमावर आणि विकासावर प्रबंध लिहायला घेतला. तिथे प्रबंध इंग्रजीत सादर करण्याचा नियम होता. बुल्के यांनी हिंदीचाच आग्रह धरला आणि विद्यापीठाला नियम बदलावा लागला. हिंदी साहित्यावरचा प्रबंध हिंदीत लिहिण्याची वाट रुंद करणारा माणूस फ्लेमिश मातृभाषेचा असावा, यातली विसंगती वरवरची आहे. भाषेचा अपमान म्हणजे काय, हे त्याने आधीच भोगले होते.

१९५० साली प्रसिद्ध झालेल्या ‘रामकथा : उत्पत्ति और विकास’ या ग्रंथात वाल्मीकीबरोबरच बौद्ध जातके, विमलसूरीचे जैन ‘पउमचरिय’, आग्नेय आशियातील रामकथा असा विशाल पट उलगडतो. ‘दशरथ जातक’ हेच रामकथेचे मूळ, हे वेबर यांचे मत बुल्के यांनी साधार नाकारले. बालकांड आणि उत्तरकांड ही मागाहूनची भर, हेही त्यांनी निःसंकोच मांडले. असे असूनही तुलसीदासांवरची त्यांची निष्ठा आयुष्यभर ढळली नाही. कथेची अनेक रूपे पाहणारा अभ्यासक आणि एका कवीपुढे नतमस्तक होणारा रसिक एकाच देहात नांदू शकतात, हा त्यांच्या आयुष्याचा आजही उपयोगी पडणारा धडा होय.

मात्र एक प्रश्न उरतो. बुल्के यांची कर्मभूमी रांची. तिथल्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात ते हिंदी-संस्कृतचे विभागप्रमुख होते. भोवतालच्या मुंडा आणि उरांव मुलांची घरची भाषा मुंडारी वा कुडुख. हिंदी त्यांना शाळेत भेटणारी. त्यांच्याच संघाच्या हॉफमन यांनी मुंडारीचा प्रचंड ज्ञानकोश सिद्ध केला होता. म्हणजे फ्लांडर्समध्ये जे स्थान फ्रेंचचे, ते छोटा नागपुरात काही अंशी हिंदीचे नव्हते काय? इंग्रजीपुढे दबलेली भाषा तिच्याहून दुर्बळ भाषेपुढे वरचढ ठरते, हे भारतीय भाषाकारणातले कटू वास्तव आहे. बुल्के यांचे कार्य त्यामुळे लहान होत नाही. त्यांनी दिलेली कसोटी हिंदीलाही लावली पाहिजे, एवढेच. मराठीभाषकांनीही गोंडी किंवा कोरकू बोलणाऱ्या मुलाकडे पाहताना ती स्वतःला लावावी.

१९५१ साली बुल्के भारताचे नागरिक झाले, १९६८ साली त्यांचा इंग्रजी-हिंदी कोश आला, १९७४ साली पद्मभूषण मिळाले. १९८२ साली दिल्लीत त्यांचे निधन झाले. २०१८ साली त्यांचे अवशेष रांचीला नेण्यात आले. तो कोश मात्र आजही अनुवादकांच्या मेजावर आहे. भाषा शिकणे म्हणजे तिच्या बोलणाऱ्यांचा मान शिकणे, ही त्यांची शिकवण त्या कोशाइतकीच हाताशी असायला हवी.