हुकूमतपन्हा रामचंद्रपंत अमात्य

इंग्रजी इतिहासावर वाढलेल्या आमच्यासारख्यांस रॉबर्ट वॉलपोल चांगला परिचयाचा असतो. १७२१ पासून सुमारे वीस वर्षे त्याने राज्य हाकिले. जागा व नेमणुका वाटून पार्लमेंटातील सभासद राजी राखणे ही त्याची हातोटी. परंतु लोक राज्यास कसे बांधून ठेवावे, या प्रश्नाशी त्याच्या आधी एक पिढी आमच्याच पन्हाळा-विशाळगडांवर एक मुत्सद्दी झुंजला, याचे स्मरण कितीजणांस आहे? ते बावडेकर घराण्यातील रामचंद्र नीळकंठ अमात्य होत.

१६८९ साली संभाजीमहाराजांचा वध झाला, रायगड पडला व राजाराममहाराज जिंजीस गेले. महाराष्ट्राचा भार ‘हुकूमतपन्हा’ या किताबासह रामचंद्रपंतांच्या शिरी आला. संताजी, धनाजी, शंकराजी नारायण, परशुराम त्रिंबक अशी माणसे जोडीला होती. नव्हता तो पैसा. खजिना रिता, किल्ले एकामागून एक शत्रूच्या हाती, आणि औरंगजेब तर मराठे सरदारांस मनसबी व वतने देऊन फोडीत होता. अशा वेळी शिवछत्रपतींचा रोख वेतनाचा शिरस्ता टिकणार कसा? जिंकाल तो मुलूख तुमचा, वतनेही देऊ, असे सांगूनच सरदार राखावे लागले. राज्य वाचले ते या उपायाने, हे निःपक्षपाती वाचकांस मान्य करावेच लागेल.

परंतु याच पुरुषाने १७१५ च्या सुमारास लिहिलेले ‘आज्ञापत्र’ उघडून पाहावे. वतनदार म्हणजे राज्याचे धाकटे वाटेकरी. आहे त्यावर त्यांचे समाधान नाही, आणि परचक्र आले की शत्रूस आधी मिळणारेही तेच. सबब नवी वतने देऊ नयेत, असा त्यातील अभिप्राय आहे. कोणी म्हणेल, हा ढोंगीपणा झाला. बावड्याची जहागीर तर अमात्यांच्या वंशजांनी पिढ्यान् पिढ्या उपभोगिली! आक्षेप खोटा नाही. तथापि आम्हांस वाटते की, या ग्रंथाचे मोल नेमके येथेच आहे. वतनाचे विष ग्रंथकर्त्याने पुस्तकांतून जाणिले नव्हते. औषध म्हणून ते वाटण्याच्या कारभारात तो स्वतः होता.

वॉलपोलने दिलेली जागा उद्या काढून घेता येत असे. वतन मात्र नातवापर्यंत जाते, आणि नातवास आजोबाच्या इमानाची आठवण राहतेच असे नाही. १७०७ साली औरंगजेब मेला, संकट सरले, पण औषध चालूच राहिले. शाहूमहाराज मोगलांच्या कैदेतून सुटून आले तेव्हा कोणाच्या बाजूस जावे, हे कित्येक सरदारांनी आपल्या मुलुखाकडे पाहून ठरविले. घर दुभंगले. १७१४ साली पन्हाळ्यावर ताराबाई व त्यांचे पुत्र कैदेत पडले आणि राजसबाईंचे पुत्र संभाजी गादीवर आले. या उलाढालीत खुद्द पंतांचेही अंग होते, व ‘आज्ञापत्र’ निघाले ते याच संभाजींच्या नावे. अखेर १७३१ च्या वारणेच्या तहाने सातारा व कोल्हापूर ही दोन राज्ये कायमची झाली.

राज्य वाचविण्यासाठी जे द्यावे लागते, ते राज्य वाचल्यावर परत कसे घ्यावे? याचे उत्तर पंतांस सापडले नाही. परंतु आपल्याच कारकीर्दीचे फळ पाहून पुढच्या राजास सावध करण्याचे धैर्य त्यांनी दाखविले, आणि आम्ही त्यांस थोर म्हणतो ते यासाठीच.