कोयनेल, जावा आणि नायट्रोजनचं खातं

मंडळी, इथे मुलं ज्युनियर कॉलेजला गेली की केमिस्ट्रीत एक प्रश्न हमखास येतो: अ‍ॅनिलीन इतका दुबळा बेस का? 'इलेक्ट्रॉन डिलोकलाइज होतात' असं लिहून मुलं मोकळी होतात. मी सीए, केमिस्ट्रीवाली नाही. पण या ओळीमागचा इतिहास आपल्या दारावरून गेलाय, तो मुलांना जरूर सांगा.

आधी हिशेब. नायट्रोजनकडे इलेक्ट्रॉनांची एक मोकळी जोडी असते. ती प्रोटॉनला देता आली की झाला बेस. सायक्लोहेक्झिलअमाइनमध्ये ही जोडी म्हणजे हातातली रोकड. अ‍ॅनिलीनमध्ये तीच शेजारच्या बेन्झिनच्या कड्यात गुंतलेली, जणू एफडीत. प्रोटॉन घेतलेल्या रूपांचे पीकेए 10.6 आणि 4.6, म्हणजे दहा लाख पटींचा फरक!

1856 साली लंडनमध्ये अठरा वर्षांचा विल्यम पर्किन अ‍ॅनिलीनवर प्रयोग करत होता. त्याला बनवायचं होतं कोयनेल, म्हणजे क्विनाईन. हाती आला जांभळा रंग. त्यातून रंगांचा अख्खा उद्योग उभा राहिला, पण हिवतापाच्या औषधासाठी जग सिंकोनाच्या सालीवरच राहिलं. ही साल मुख्यतः डचांच्या जावातून यायची. दुसऱ्या महायुद्धाआधी जगातलं नव्वद टक्क्यांच्या आसपास कोयनेल तिथल्या सालीचं. 15 फेब्रुवारी 1942 ला सिंगापूर पडलं, मार्चमध्ये जावा. दोस्तांचा पुरवठा बंद. (सगळा माल एकाच सप्लायरकडून घेऊ नये, हे आम्ही ऑडिटवाले उगाच नाही सांगत.)

मग शोधाशोध सुरू झाली. बायरच्या हान्स आंडरझागने 1934 मध्येच एक रेणू बनवला होता, पण फार विषारी म्हणून तो बाजूला पडला होता. युद्धात अमेरिकनांनी तो पुन्हा तपासला. तोच क्लोरोक्विन, आपल्या आईवडिलांनी तापात गिळलेली ती कडूजहर गोळी.

आता गंमत बघा. अ‍ॅनिलीनला दुबळं करणारी गोष्टच इथे कामाला येते. साध्या क्विनोलीनच्या कड्यातला नायट्रोजन कमजोर बेस, पीकेए 4.9. क्लोरोक्विनमध्ये कड्याला बाहेरून जोडलेला दुसरा नायट्रोजन आपली जोडी कड्यात सोडतो आणि ती आतल्या नायट्रोजनच्या खात्यात जमा होते. एकाकडे नावे, दुसऱ्याकडे जमा! आतल्याचा पीकेए जातो 8.1 वर, हजार पटींहून जास्त. शिवाय शेपटीच्या टोकाला तिसरा नायट्रोजन आहे, त्याची जोडी कुठेच गुंतलेली नाही, म्हणून तो आणखी जोरदार.

मलेरियाचा जंतू रक्तातलं हिमोग्लोबिन एका आम्लधर्मी पिशवीत पचवतो. क्लोरोक्विन तिथे भाररहित शिरतं, प्रोटॉन घेतं आणि भारित झाल्यावर त्याला बाहेर पडता येत नाही. साठत साठत ते जंतूची पचनातला विषारी कचरा निकामी करायची सोयच बंद पाडतं.

सिंगापूर 1982 मध्ये मलेरियामुक्त जाहीर झालं. माझ्या मते त्यात गोळ्यांपेक्षा गटारांचं आणि डासांवरच्या कामाचं श्रेय जास्त. कारण 1950 च्या दशकाच्या शेवटीच थायलंड-कंबोडिया सरहद्दीवर क्लोरोक्विनला न जुमानणारे जंतू दिसू लागले होते. त्यांच्या पिशवीच्या भिंतीतलं एक प्रथिन बदललंय, आणि ते नेमकं तेच प्रोटॉन घेतलेलं, अडकलेलं क्लोरोक्विन उचलून बाहेर टाकतं.