स्वावलंबी वार्धक्य : प्राचीन रोममधील दोन शेतकरी

शेती उत्तम, व्यापार मध्यम आणि चाकरी कनिष्ठ, अशी क्रमवारी आपल्या पूर्वजांनी लावून ठेवली आहे. जिला कनिष्ठ म्हटले ती चाकरी आयुष्यभर इमानाने करून निवृत्त झालेल्या शहरी गृहस्थाला उतारवयात या म्हणीची हटकून आठवण होते. गावाकडे चार-दोन एकर जमीन घ्यावी, विहीर खणावी, घरचे धान्य व घरची भाजी खावी, आणि बाजारात महागाई होवो की टंचाई, आपली कणगी भरलेली असावी, असे मनोराज्य तो करू लागतो. हे मनोराज्य आजचे नव्हे, आणि केवळ आपल्याकडचेही नव्हे. दोन हजार वर्षांपूर्वी रोमन लोकांनाही त्याने असेच वेड लावले होते. त्यांनी ते नुसते रंगविले नाही, तर त्याचा हिशेबही लिहून ठेवला.

हा हिशेब लिहिणारा पुरुष म्हणजे मार्कस केटो. तो इ. स. पूर्व २३४ मध्ये जन्मला व इ. स. पूर्व १४९ मध्ये वारला. रोमचे कॉन्सलपद व सेन्सॉरपद त्याने भूषविले. सत्तरी ओलांडल्यावर, इ. स. पूर्व १६० च्या सुमारास, त्याने शेतीवर एक ग्रंथ लिहिला. लॅटिन गद्यातील जे ग्रंथ आज संपूर्ण उपलब्ध आहेत, त्यांत हा सर्वांत जुना होय. त्याची प्रस्तावना वाचताना आपल्या म्हणीचीच आठवण व्हावी. व्यापारात लाभ आहे पण धोका आहे; सावकारीत लाभ आहे पण प्रतिष्ठा नाही; सर्वांत निर्दोष उत्पन्न शेतीचे, आणि सर्वांत चिवट शिपाईही शेतकऱ्यांतूनच निपजतात, असा त्याचा अभिप्राय आहे.

केटोचे मुख्य सूत्र असे की, घरधन्याने विकणारा असावे, विकत घेणारा असू नये. हे सूत्र तो पुढे बारीकसारीक गोष्टींत उतरवितो. द्राक्षमळा असेल तर पाच हंगामांचा द्राक्षरस साठेल इतके रांजण असावेत, म्हणजे भाव चढेपर्यंत थांबता येते. झाडाखाली गळून पडलेली ऑलिव्हची फळे वाया न घालविता मुरवून ठेवावीत. कारभारणीने सुकविलेली नासपती, अंजिरे व मनुका यांची बेगमी करावी, आणि द्राक्षे मडक्यांत घालून जमिनीत पुरून ठेवावीत. आपल्याकडील पेव, बळद आणि लोणच्याच्या बरण्या यांची ही रोमन भावंडेच म्हणावयाची. पावसाच्या दिवशीही कोणी रिकामे बसता कामा नये. रांजण घासावेत, बियाणे निवडावे, दोर वळावेत, खताचा खड्डा करावा, फाटक्या घोंगड्यांना ठिगळे लावावीत. सणाच्या दिवशीही जुने चर साफ करावेत व रस्ता दुरुस्त करावा.

इतके असूनही केटोचे शेत सर्वस्वी स्वयंपूर्ण नव्हते, ही गोष्ट त्याच्याच ग्रंथावरून दिसते. कोणता जिन्नस कोठून आणावा याची त्याने एक यादी दिली आहे. अंगरखे व लाकडी जोडे रोममधून, लोखंडी अवजारे केलीझ व मिन्टर्नी येथून, ऑलिव्ह दळण्याच्या चक्क्या पाँपेईहून, बादल्या व तेलाची भांडी कापुआहून. लोहार, कुंभार व विणकर यांच्यावाचून शेतकऱ्याचे चालत नाही, हे त्या व्यवहारी म्हाताऱ्याला पुरते ठाऊक होते. आपले गावगाड्यातील बलुतेदार जे काम करीत, ते त्याच्यासाठी अर्धी इटली करीत होती.

पुढे इ. स. पूर्व ४४ मध्ये सिसेरोने वार्धक्यावर एक संवाद लिहिला आणि शेती हे वृद्धपणीचे सर्वोत्तम सुख होय, असे वर्णन चौऱ्याऐंशी वर्षांच्या केटोच्या तोंडी घातले. उतारवयातील शेतीचे जे गोड चित्र युरोपातील सुशिक्षितांनी पिढ्यान् पिढ्या उराशी बाळगले, त्याचे एक मूळ या संवादात आहे. परंतु सिसेरोचा केटो बाजूस ठेवून खुद्द केटोची वही उघडली, म्हणजे त्या चित्रातील एक जागा काळी दिसू लागते.

दोनशे चाळीस युगेरा, म्हणजे सुमारे दीडशे एकरांच्या ऑलिव्हच्या बागेला किती माणसे लागतात, ते केटो सांगतो : कारभारी, कारभारीण, पाच मजूर, तीन औतवाले, एक खेचरवाला, एक डुकरे राखणारा व एक मेंढपाळ, अशी एकूण तेरा. हे लोक गुलाम होत. मजुराला हिवाळ्यात दरमहा चार मोडियस गहू, उन्हाळ्यात साडेचार. मोडियस म्हणजे सुमारे पावणेनऊ लिटरचे माप. मालक शेतावर आला असता कारभाऱ्याने काम मागे पडल्याचे कारण म्हणून गुलामांचे आजारपण सांगितले, तर मालकाने त्यास विचारावे की, मग इतके धान्य का वाटले? आणि जे निरुपयोगी ते विकून टाकावे, असे सांगताना त्याने म्हातारे बैल, मोडकी गाडी व जुनी अवजारे यांच्याच ओळीत म्हातारा गुलाम आणि आजारी गुलाम यांना बसविले आहे. हे लिहिणारा हात स्वतः सत्तरी उलटलेल्या मनुष्याचा होता!

केटो ढोंगी होता असे मात्र म्हणता येत नाही. तरुणपणी तो गुलामांच्या बरोबरीने शेतात राबे आणि त्यांच्याच पंक्तीला बसून तीच भाकर खाई, असे त्याचा चरित्रकार प्लुटार्क सांगतो. पण हाच प्लुटार्क म्हाताऱ्या गुलामांच्या विक्रीपाशी येऊन थबकतो. ज्याने आपल्यासाठी कष्ट केले तो बैलसुद्धा आपण केवळ वृद्ध झाला म्हणून विकणार नाही, मग माणसाची गोष्ट दूरच, असे तो बजावतो. अथेन्सच्या लोकांची एक हकीकतही तो देतो. पार्थेनॉन मंदिर बांधताना ज्या खेचरांनी फार श्रम केले, त्यांना काम संपल्यावर मोकळे चरावयास सोडण्यात आले. त्यांतील एक खेचर आपण होऊन परत आले आणि गाड्यांच्या पुढे चालू लागले. तेव्हा त्याला मरेपर्यंत सरकारी खर्चाने पोसावे, असा ठराव नगराने केला. उलटपक्षी केटोने स्पेनच्या मोहिमेतला आपला घोडा जहाजाचे भाडे वाचावे म्हणून तेथेच सोडून दिला. शेवटी तर केटोला शेती ही उत्पन्नापेक्षा करमणुकीचीच बाब वाटू लागली, आणि त्याने आपला पैसा तळी, उन्हाळी, कुरणे व जहाजांवरील कर्जे यांत गुंतविला, हेही प्लुटार्कच नमूद करतो.

आता दुसरा म्हातारा. त्याचे नाव कोणास ठाऊक नाही. त्याने ग्रंथ लिहिला नाही की कोणते पद भूषविले नाही. कवी व्हर्जिलने इ. स. पूर्व २९ च्या सुमारास पूर्ण केलेल्या आपल्या कृषिकाव्यात, दक्षिण इटलीतील टॅरेन्टम नगराजवळ आपण त्यास पाहिल्याचे सांगितले आहे. तो मूळचा आशिया मायनरमधील कोरिकसचा. इ. स. पूर्व ६७ मध्ये पाँपीने समुद्रावरील चाच्यांचा बीमोड करून त्यांच्यापैकी काहींना जमिनी देऊन वसविले. त्यांतलाच हा असावा, असा जुन्या टीकाकारांचा तर्क आहे. त्याच्या वाट्याला आलेली जमीन थोडकी, आणि तीही कोणी टाकून दिलेली : नांगराला निकामी, गुरांना निकामी, द्राक्षांनाही निकामी. त्या काटेरी जागेत त्याने भाजीपाला लावला, कडेने फुले लावली, मधमाश्या पाळल्या, रांगेने झाडे उभी केली. वसंतातला पहिला गुलाब त्याचा आणि शरदातले पहिले सफरचंदही त्याचेच. रात्री उशिरा घरी येऊन, ज्याला पैसा पडलेला नाही अशा अन्नाने तो आपले पान भरी, आणि मनाने स्वतःस राजांच्या बरोबरीचा समजे.

हे कवीचे चित्र आहे, जमाखर्चाचे नव्हे, हे विसरता कामा नये. त्याला अवजारे कोणी दिली, दुखण्याखुपण्यात कोणी पाहिले, हे व्हर्जिल सांगत नाही. परंतु त्याच्या त्या वाफ्यांत गुलामाचा उल्लेख नाही. राबणारे हात त्या म्हाताऱ्याचेच आहेत.

दोघेही वृद्ध, दोघेही बेगमी करणारे. केटोची तरतूद पक्की होती. पाच हंगामांचा द्राक्षरस तिच्यात मावत होता. पण ज्याने ते रांजण भरले त्या माणसाच्या म्हातारपणाला तिच्यात जागा नव्हती. इ. स. पूर्व १३५ मध्ये सिसिलीतील गुलामांचे पहिले मोठे बंड पेटले, तेव्हा अशा भरलेल्या कोठारांच्या धन्यांना हे उमगले असेल. परंतु तोवर केटो वारून चौदा वर्षे झाली होती.

म्हणून उतारवयात ज्यांना जमिनीची ओढ लागते, त्यांनी केटोपासून दोर वळणे, खत जमविणे, बियाणे राखणे हे जरूर शिकावे. त्या बाबतीत त्याच्यासारखा गुरू नाही. मात्र आपली कणगी भरली की नाही एवढेच पाहून थांबू नये. ती कोणाच्या हातांनी भरली, आणि ते हात थकल्यावर त्यांच्या वाट्याला त्या कणगीतले काय येणार, हाही हिशेब त्याच वहीत मांडावा. केटोच्या वहीत एवढे एकच पान राहून गेले.