विमा सखी ते व्यवस्थापकीय संचालक: मधल्या पायऱ्या शोधा

एलआयसी सुरू झाली १९५६ साली. तिथे पहिल्या महिला व्यवस्थापकीय संचालक, उषा सांगवान, झाल्या २०१३मध्ये. म्हणजे ५७ वर्षं गेली! पण ‘पहिली महिला’ सापडली की आपण इतिहास तिथेच संपवतो. सांगवान १९८१मध्ये थेट अधिकारी म्हणून लागल्या होत्या. एजंट बायकांची वाट वेगळी. डिसेंबर २०२४च्या विमा सखी योजनेत दहावी पास बाईला तीन वर्षं दरमहा ७,०००, ६,०००, ५,००० रुपये असं उतरतं मानधन आहे. पदवीधर सखीला विकास अधिकारी होण्याची संधीही आहे. मात्र दुसऱ्या वर्षी मानधन टिकवायचं तर पहिल्या वर्षीच्या ६५ टक्के पॉलिसी चालू हव्यात. आता आपल्या पाथर्डीत बघा: ऊसतोड कुटुंबं हिवाळाभर गावाबाहेर. त्यांचे हप्ते थकले, तर सखीची पायरीच निसटते. संशोधनाचा प्रश्न तिथून मांडा.