जुन्या ई-मेलांचें स्थलांतर व त्यांची रुजुवात

एरंडोल हें अंजनी नदीच्या काठचें गांव पांडवांच्या एकचक्रानगरीच्या आख्यायिकेमुळें प्रसिद्ध आहे. परंतु एके काळीं तें आपल्या कागदासाठींहि नांवाजलेलें होतें. विसाव्या शतकाच्या आरंभींच्या इंपीरियल गॅझेटियरांत तेथील जाड्याभरड्या देशी कागदाचा उल्लेख असून, हा धंदा आतां थोडकाच उरला आहे असें म्हटलें आहे. त्याच गांवीं कागदाचा स्पर्शहि न झालेल्या पत्रव्यवहाराचा प्रश्न आमच्यापुढें आला, म्हणून हें टिपण.

तेथील एका संग्राहकाच्या घरीं मोडी रुमालांच्या शेजारींच कापडांत गुंडाळलेला एक जुना संगणक आमच्या पाहण्यांत आला. १९९९ पासून २००७ पर्यंत पोथ्या, सनदा व नाणीं यांविषयीं त्या गृहस्थांनीं जो पत्रव्यवहार केला, तो सारा त्या यंत्रांत आउटलुक एक्सप्रेस नामक कार्यक्रमाच्या पोटीं पडून होता. वारसांस तो थंडरबर्ड या चालू कार्यक्रमांत आणावयाचा होता. वरवर पाहतां हें काम कारकुनी आहे. पण संग्रहांतील कोणती पोथी कोणत्या गांवच्या कोणत्या घराण्यांतून आली हें पोथ्यांवर कोठेंहि टिपलेलें नव्हतें. तें केवळ या ई-मेलांत होतें. पत्रव्यवहार नाहींसा झाला असता तर पोथ्या राहिल्या असत्या, परंतु त्यांचें कुळ गेलें असतें. आगापिच्छा हरपलेल्या पोथीची किंमत काय, हें या त्रैमासिकाच्या वाचकांस सांगावयास नको.

हा धोका कसा उत्पन्न होतो तें प्रथम पाहूं. भारतांत सामान्य लोकांस इंटरनेट मिळूं लागलें तें १५ ऑगस्ट १९९५ पासून, विदेश संचार निगमाच्या द्वारें. त्या काळीं टपाल उतरवून घेण्याची जी रीत रूढ होती तिला पॉप म्हणतात. तींत पत्र दूरच्या यंत्रावरून आपल्या यंत्रांत उतरलें कीं बहुधा तिकडील प्रत पुसली जाई. म्हणजे जासुदानें थैली रिकामी केली, आणि अस्सल व नक्कल दोन्ही एकाच घरीं राहिलीं. आज ज्यांचा पत्रव्यवहार कंपन्यांच्या यंत्रांवर राहतो त्यांस ही गोष्ट सहसा उमगत नाहीं. १९९५ ते २००५ या सुमाराचीं मराठी संशोधकांचीं व संग्राहकांचीं ई-मेलें बहुतेक अशीं एकप्रती आहेत, आणि तीं ज्या यंत्रांत आहेत त्यांस घरचीं माणसें अडगळ समजतात. वाण्याच्या दुकानीं पुड्या बांधण्यास गेलेल्या कागदांविषयीं राजवाड्यांच्या पिढीनें जो संताप केला, त्याचीच ही पुनरावृत्ति होय. भेद इतकाच कीं, पुडीचा कागद निदान वाचतां येई.

ई-मेलाच्या बाह्यरूपाचा नियम डेव्हिड क्रॉकर यांनीं १९८२ च्या ऑगस्टांत लिहून प्रसिद्ध केला. त्यांत शिरोभाग व मजकूर असे दोन भाग असून मध्यें एक कोरी ओळ असते. कोणी लिहिलें, कोणास लिहिलें, केव्हां लिहिलें, कोणत्या पत्राचें हें उत्तर, हें सर्व शिरोभागीं. आमच्या जुन्या पत्रांतील मायना आणि मित्ती यांचें हें भावंडच. मात्र या नियमाप्रमाणें पत्रांत १२८ चिन्हेंच चालत, आणि तींहि रोमन लिपीचीं. जोडपत्रें, चित्रें व अन्य लिप्या यांची सोय बोरेनस्टाइन व फ्रीड यांनीं १९९२ सालीं माइम नामक नियमांनीं केली.

पत्राचें रूप असें ठरलें, पण तें घरीं कसें सांठवावें हें मात्र कोणीं ठरविलें नाहीं. जितके कार्यक्रम तितकीं दप्तरें. युनिक्सच्या परंपरेंत एका फोल्डराचीं सारीं पत्रें एकापुढें एक एकाच साध्या फाइलींत लिहीत. तिला एमबॉक्स म्हणतात. प्रत्येक पत्राचा आरंभ इंग्रजी ‘फ्रॉम’ हा शब्द व त्यापुढील रिकामी जागा यांवरून ओळखावयाचा. मजकुरांतील एखादी ओळच त्या शब्दानें सुरू झाली तर तिच्या आधीं एक बाणचिन्ह घालतात. तें घालण्यास कार्यक्रम चुकला कीं एका पत्राचीं दोन पत्रें होतात. आमच्या कित्येक वळ्यांच्या सांध्यांवर शिक्का उठविलेला आढळतो, त्यामागें हीच चिंता होती. थंडरबर्ड, ज्याची पहिली पूर्ण आवृत्ति ७ डिसेंबर २००४ रोजीं निघाली, याच एमबॉक्स पद्धतीचा आहे. म्हणून आम्हांस तो पसंत आहे: कार्यक्रम उद्यां बंद पडला तरी ती फाइल कोणत्याहि साध्या लेखनयंत्रांत उघडून डोळ्यांनीं पाहतां येते.

आउटलुक एक्सप्रेसची तऱ्हा निराळी. १९९७ सालीं तो इंटरनेट एक्सप्लोरर ४ बरोबर आला व २००७ च्या विंडोज व्हिस्टांत त्याची जागा दुसऱ्या कार्यक्रमानें घेतली. त्याच्या प्रत्येक फोल्डराची डीबीएक्स नामक एक बंदिस्त फाइल असते, आणि त्या फाइली यंत्राच्या लपविलेल्या भागांत, महिरपी कंसांतील लांबलचक अंकाक्षरांच्या नांवाखालीं दडलेल्या असतात. कोणतें फोल्डर कोणाच्या पोटांत हें सांगणारी फाइल वेगळी. परिचितांच्या पत्त्यांची वही त्याहून वेगळी. ही वही मागें राहिली तर ‘दादा’ किंवा ‘शास्त्रीबोवा’ म्हणून साठविलेला मनुष्य कोण, हें पुढें कळणें कठिण. पुसलेलें पत्र मात्र या फाइलींतून लगेच जात नाहीं. फाइल दाबून लहान करण्याची आज्ञा दिल्यावरच तें खरोखर नष्ट होतें. सबब अशा यंत्रावर प्रथम काय करूं नये तर ती आज्ञा! उघडतांक्षणीं ‘साफसफाई’ करणारे उत्साही भाचे-पुतणे आम्हीं पुष्कळ पाहिले आहेत.

आमच्या एरंडोलच्या कामांत क्रम असा ठेविला. मूळ तबकडी दुसऱ्या यंत्रास केवळ वाचनापुरती जोडून तिची सबंध नक्कल घेतली व पुढील सर्व कामें नकलेवर केलीं. थंडरबर्डची आयात करण्याची जुनी सोय आउटलुक एक्सप्रेस ज्या यंत्रावर नांदत असेल तेथेंच चाले. म्हणून विंडोज एक्सपीचें एक यंत्र उभें करावें लागलें. त्या प्रणालीची निगा कंपनीनें ८ एप्रिल २०१४ रोजींच सोडलेली असल्यामुळें तें यंत्र जाळ्यापासून तोडूनच चालविलें. पत्रें खिडकींतून ओढून बाहेर टाकलीं तर प्रत्येक पत्राची स्वतंत्र फाइल होते, हीहि वाट आहे. पण त्या फाइलीची बाहेरची तारीख आजची पडते, आणि वाचलें, उत्तर दिलें, खूण केली इत्यादि शेरे गळतात. कारण ते शेरे पत्रांत नसून दप्तराच्या यादींत असतात. जुन्या दप्तरांतहि रुमालावरील चिठ्ठी हरवली कीं आंतील बंद अनाथ होतात.

१९९९ पूर्वींचीं कांहीं पत्रें यूडोरा या कार्यक्रमांतून आलेलीं होतीं. स्टीव्ह डॉर्नर यांनीं तो १९८८ सालीं इलिनॉय विद्यापीठांत रचला, आणि त्याचें नांव यूडोरा वेल्टी या लेखिकेवरून ठेविलें. तिची एक गोष्ट टपालकचेरींत राहण्याविषयीं आहे, इतकाच संबंध. यूडोराची एक खोड संशोधकांनीं ध्यानांत ठेवावी: तो पत्रासोबत आलेलें जोडपत्र पत्रांतून काढून वेगळ्या फोल्डरांत ठेवी, आणि पत्रांत केवळ त्याच्या जागेचा उल्लेख करी. पत्र हलविलें व फोल्डर मागें राहिलें कीं ‘सोबत ताम्रपटाची छायाचित्रें पाठविलीं आहेत’ हें वाक्य राहतें आणि ताम्रपट जातो. पुरवणी हरवलेल्या पत्रांशीं झगडणाऱ्या आम्हांस हें दुःख नवें नाहीं.

आतां लिपीकडे वळूं. या प्रकरणाचा खरा कठिण भाग तोच. युनिकोडच्या १९९१ च्या पहिल्या आवृत्तींतच देवनागरी होती, परंतु विंडोजच्या यंत्रांत तिची सोय २००० च्या सुमारास आली व लोकांच्या सरावांत त्याहूनहि उशिरा. मधल्या काळांत मराठी मजकूर शिवाजी, किरण, श्रीलिपी, कृतिदेव, आकृति अशा नाना टंकांत लिहिला गेला. या टंकांत यंत्राच्या दृष्टीनें रोमन चिन्हेंच असत. वर केवळ देवनागरीचें चित्र चढविलेलें असे. टंक आहे तोंवर मराठी, टंक गेला कीं अर्थहीन रोमन अक्षरांची रांग. मोडी वाचतां न येणारा जसा तिला किडामुंगीचें अक्षर म्हणतो, तसेंच थंडरबर्डमध्यें हीं पत्रें प्रथम उघडल्यावर वारसांनीं ‘पत्रें नासलीं’ असें म्हटलें. तीं नासलीं नव्हतीं. तीं निराळ्या लिपींत होतीं, आणि किल्ली शोधावयाची होती.

किल्ली कोठें मिळाली हें सांगण्याजोगें आहे. आउटलुक एक्सप्रेस बहुधा एकाच पत्राच्या दोन प्रति पाठवी: एक साधी, दुसरी नटविलेली. साध्या प्रतींत टंकाचें नांव नसतें. नटविलेल्या प्रतींत तें खुणेनें लिहिलेलें असतें. स्थलांतराचीं कित्येक साधनें जागा वांचविण्यासाठीं साधी प्रत तेवढी ठेवून दुसरी टाकून देतात. मराठी पत्रांच्या बाबतींत हा अनर्थ होय. टंकाचें नांव राहिलें तर त्या टंकाचा तक्ता जुळवून मजकूर युनिकोडांत उतरवितां येतो. तें गेलें तर प्रत्येक पत्रास एकेक तक्ता लावून पाहत बसावें लागतें. कांहीं पत्रें अशा वाटेनें आलीं होतीं कीं १२८ च्या पुढील चिन्हें रस्त्यांतच कापलीं गेलीं होतीं. तेथें कोणताहि तक्ता उपयोगी नाहीं. फाटक्या बंदाप्रमाणें जेवढें उरलें तेवढेंच छापावें व गळलेल्या जागीं टिंबें द्यावीं.

लिप्यंतर केलेली प्रत मूळाच्या जागीं ठेवावी, असा सल्ला आम्हांस एकाहून अधिकांनीं दिला. तो आम्हांस सर्वथा अमान्य आहे. राजवाड्यांनीं १८९८ पासून मोडी पत्रें बालबोधांत छापलीं, म्हणून मोडी अस्सलें जाळावीं असें कोणी म्हणालें नाहीं. उलट ते १९२६ च्या अखेरीस धुळें येथें निवर्तल्यावर त्यांचे कागद जतन करण्यासाठींच तेथें संशोधन मंदिर उभें राहिलें. वाचनाची प्रत वेगळी, पुराव्याची वेगळी.

मित्तीचाहि असाच घोळ आहे. पत्रावरील तारीख पाठविणाराच्या यंत्राचें घड्याळ लिहितें. घड्याळाची विद्युत्घटिका संपली कीं कित्येक यंत्रें १९८० च्या १ जानेवारीस परत जात, आणि आमच्या संग्रहांत त्या सालचीं मराठी ई-मेलें ‘उपलब्ध’ आहेत! परंतु वाटेंतील प्रत्येक टपालयंत्र पत्राच्या माथ्यावर आपली पोंचीची ओळ चढवितें, नवी ओळ जुनीच्या वर. म्हणून खालून वर वाचीत गेलें कीं पत्राचा सारा प्रवास वेळेसह सांपडतो. केवळ चंद्र दिलेल्या पत्राचें साल आम्ही जंत्री व आंतील मजकूर यांवरून ठरवितों, तोच हा मार्ग. किंबहुना येथें तो अधिक सुगम आहे. मात्र स्थलांतरांत या ओळी जशाच्या तशा राहिल्या पाहिजेत.

कित्येक संग्राहक ई-मेलें कागदावर छापून यंत्र मोडींत काढतात. त्यांनीं अमेरिकेंतील एक खटला लक्षांत घ्यावा. रेगन यांची कारकीर्द संपतांना, १९८९ च्या जानेवारींत, व्हाइट हाउसमधील ई-मेलें पुसलीं जाऊं नयेत म्हणून आर्मस्ट्राँग व इतरांनीं दावा लाविला. सरकार म्हणे, छापील प्रत पुरे. १९९३ सालीं वरिष्ठ न्यायालयानें हें नाकारलें. कारण पत्र कोणाकोणास गेलें व केव्हां पोंचलें हें छापील प्रतींत नेहमीं उतरत नाहीं. आपल्याकडील २००० च्या माहिती तंत्रज्ञान अधिनियमाचें ७ वें कलमहि याच धोरणाचें आहे: अभिलेख मूळ रूपांत, किंवा मूळ अचूक दर्शवितो असें दाखवितां येईल अशा रूपांत ठेवावा, आणि त्याचा उगम, गंतव्य व पाठविल्या-पोंचल्याची वेळ कळेल असा असावा. कायदेपंडितांनीं केलेली अस्सलाची ही व्याख्या संशोधकासहि मान्य व्हावी.

शेवटीं रुजुवात. प्रत्येक फोल्डराची पत्रसंख्या दोन्हीकडे मोजली. पहिलें, शेवटचें व मधलीं कांहीं पत्रें समोरासमोर वाचलीं. जोडपत्रें उघडून पाहिलीं. मूळ फाइलींची गणितानें काढलेली अंकमुद्रा टिपून ठेविली. एक चिन्ह जरी बदललें तरी ही मुद्रा बदलते, म्हणून मोर्तबाचें काम ती चोख करते. पत्रांतील खासगी व घरगुती मजकूर वारसांच्या संमतीवांचून कोणास दाखविला नाहीं. मूळ तबकडी, तिच्या दोन नकला, टंकांच्या फाइली व तक्ते हीं सर्व आतां त्या घरच्या रुमालांसोबतच एका पेटींत असून, पेटीवर यादी बाहेरून चिकटविली आहे.

एक लहान गठ्ठा मात्र अद्यापि अवाचित आहे. त्यांत टंकाचें नांव कोठेंच नाहीं, आणि वर नांवें दिलेल्या पांचांपैकीं एकाचाहि तक्ता त्यास लागत नाहीं. मजकुरांतील अंकांवरून तो एखाद्या बाडाच्या पानांची यादी असावी असें दिसतें. १९९८ ते २००२ च्या दरम्यान वापरांत असलेले मराठी टंक ज्यांच्याजवळ मूळ चकत्यांवर असतील, त्यांनीं त्यांची नक्कल आम्हांकडे पाठविण्याची कृपा करावी.