गोफ

कामठीच्या छावणीत सरदारी मानचिन्हांविषयी बोलताना ‘कॉलर’ला मराठी शब्द काय, असा प्रश्न निघाला. सदऱ्याची कॉलर नव्हे. गळ्याभोवती, खांद्यांवरून रुळणारी सोन्याची जड साखळी. इंग्लंडच्या गार्टर पंथाच्या अशा साखळीला घोड्यावर बसून भाल्याने ड्रॅगन मारणारा संत जॉर्ज लटकतो. आपल्याकडे देव्हाऱ्यातल्या टाकावरचा खंडोबा पाहिलेल्याला हे चित्र परके वाटणार नाही.

मला सुचला ‘गोफ’. संस्कृत ‘गुम्फ्’ म्हणजे ओवणे, विणणे. त्यातूनच गुंफणे, गुंफण. पदर एकमेकांत घालून विणलेली सोन्याची साखळी ती गोफ. टांगलेल्या दोऱ्या नाचत विणायच्या नि उलट नाचत उलगडायच्या, तो खेळही गोफच. ‘कॉलर’ लॅटिनमधल्या मानेच्या शब्दावरून आला. आपला कंठाही तसाच, जागेवरून. गोफाला मात्र हाताच्या कसबाचे नाव आहे, म्हणून मला तो अधिक आवडतो.

1861 मध्ये ‘स्टार ऑफ इंडिया’ हा ब्रिटिश मानाचा पंथ निघाला, तेव्हा त्याच्या गोफात कमळे, ताडाच्या फांद्या आणि गुलाब गुंफले. पदकावर संत नाही, क्रूस नाही. व्हिक्टोरिया राणीचा मुखवटा! सयाजीराव गायकवाड आणि शाहू छत्रपती या पंथाच्या सर्वोच्च श्रेणीत होते.

जाता जाता : कामठीचे नाव ‘कॅम्प’वरून पडले असे सांगतात. मला मात्र त्यात तीरकामठाच ऐकू येतो.